मौजनगरीचा रविवार, तुमच्याशिवाय

शाहूपुरी, कोल्हापूर
मंगळवार, अक्षयतृतीया होऊन गेल्यानंतरचा

राजमान्य जावईबापू श्री. सम्राट यांना अण्णाप्पाकडून जय जिनेंद्र, आणि वयानं मोठा असल्यामुळं न मागता दिलेला आशीर्वाद. तुमची पाठ आता कशी आहे? ऑफिसनं खुर्ची बदलून दिली की अजून त्याच खुर्चीवर उशी ठेवून बसता? इकडची खुशाली अशी, की माझे गुडघे होते तसेच आहेत आणि तुमच्या सासूबाईंचं बीपी गोळी घेतली की उतरतं आणि मी स्वयंपाकघरात शिरलो की चढतं. अनेकांतचा वरचा दात पडला. दात कौलावरच टाकायचा असा त्यानं हट्ट धरला. आता आमच्या घराला कौलं कुठली? शेवटी मागच्या गॅरेजच्या पत्र्यावर टाकला, तर मेकॅनिक बाहेर येऊन बराच वेळ आभाळाकडं बघत उभा होता. पावनीला 'र' म्हणता यायला लागलाय. त्यामुळं गरज असो नसो, घरात दिवसभर रवा, रुमाल, रिक्षा आणि परत रुमाल एवढंच ऐकू येतं.

तुम्ही म्हणाल, मामांनी फोन सोडून पत्र का लिहिलं. त्याचं असं आहे, की फोनवर तुम्ही "मामा, मीटिंगमध्ये आहे" म्हणता आणि मी "बरं बरं" म्हणतो. खताच्या दुकानात बसून मी सबंध शिरोळ तालुक्याशी तोंड वाजवलं, पण जावयाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून "बरं बरं" शिवाय काही निघत नाही. पत्राचं बरं असतं. त्याला मीटिंग आडवी येत नाही, आणि मधेच घसा बसला तरी वाचणाऱ्याला कळत नाही.

तर विषय मौजनगरीचा. योजना तुमची होती हे आधी नमूद करतो. आमची आदिती गेली तेव्हा पावनी धड चालत नव्हती. मुलं "थोडे दिवस" म्हणून आमच्याकडं आली आणि ते थोडे दिवस दोन वर्षं चालले, याबद्दल माझी काही तक्रार नाही. (तुमच्या सासूबाईंचीही नाही. त्यांची तक्रार ते दिवस संपत आल्याबद्दल आहे.) आता तुम्ही परत लग्न करताय, मे महिन्यात नोंदणी आहे, जूनला शाळा सुरू व्हायच्या आत मुलांना पुण्याला नेणार आहात, हे सगळं तुम्ही रीतसर येऊन, खाली मान घालून सांगितलंत. मी "बरं बरं" म्हणालो. मुलांची आणि प्रियदर्शनीबाईंची पहिली भेट घरात नको, मुलांवर दडपण येईल, त्यापेक्षा हायवेवरच्या त्या मौजनगरीत सगळ्यांनी एक दिवस हसतखेळत घालवावा, हीही कल्पना तुमचीच. मला ती पटली. हसतखेळत म्हणजे काय, हे त्या वेळी मला माहीत नव्हतं.

तुम्ही मोबाइलवर मजकूर पाठवलात, "लहान मुलांसोबत थीम पार्कची सहल कशी आखावी." कुणा परदेशी माणसानं लिहिलेला आणि यंत्रानं मराठी केलेला असावा, कारण त्यात "आपल्या चिमुकल्याचे पाय अगोदर तोडून घ्या" असं एक वाक्य होतं. (बूट अगोदर वापरून सैल करून घ्या, असा त्याचा अर्थ असावा, असं अनेकांतच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं. मी मात्र ते वाचून तासभर खुर्चीतून उठलो नाही.) बाकीचं मी अक्षरशः पाळलं. मुलांची मतं विचारात घ्यावीत, असं लिहिलं होतं. घेतली. पावनीला हत्ती पाहिजे होता. तिथं हत्ती नाही म्हटल्यावर तिनं मत बदललं नाही. अनेकांतला तिथला मोठा गोल पाळणा पाहिजे होता, आणि त्यात शेजारी पप्पा पाहिजे होते. मी म्हटलं, पप्पा बसतील की. मग त्यानं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं. इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला, गॅरेजच्या मेकॅनिकलासुद्धा. त्या मजकुराच्या शेवटी "अपेक्षा वाजवी ठेवाव्यात" असंही एक वाक्य होतं. ते मी मुलांना वाचून दाखवायला विसरलो.

तुमच्या सासूबाईंनी पिशवी भरली. टोप्या, टॉवेल, जादा कपडे, दशम्या, मेथीच्या पुऱ्या, लिंबाचं सरबत, सगळं. मी म्हटलं, तू पण चल की. त्या पिशवीची चेन लावत होत्या. म्हणाल्या, "मला काय काम हाय तिथं?" आणि थोड्या वेळानं, चेन लागूनही बराच वेळ झाल्यावर, "पोरं त्यांची हायत, भेटू देत. पण ती बाई ह्या घरात यायची न्हाई. तेवढं माझ्या मनासारखं करा." मी "बरं" म्हणालो. घरात मी "बरं" एकदाच म्हणतो.

रविवारी सकाळी ओम्नीला गॅस भरून, पोरांच्या दंडावर पेनानं माझा नंबर लिहून (तुमच्या मजकुराप्रमाणं) आम्ही निघालो, आणि टोलनाक्याच्या अलीकडं तुमचा फोन आला. तुमचं कसलंसं सर्व्हर बसलं होतं. ते उठल्याशिवाय तुम्हाला उठता येत नव्हतं. प्रियदर्शनी पहाटेच्या बसनं निघाली आहे, ती एकटीच येतेय, तुम्ही सांभाळून घ्या. मी काय म्हणालो ते तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी बाजूला घेतली आणि पाठीमागं वळून बघितलं, तर अनेकांतनं माझं तोंड बघूनच ओळखलं होतं. तो खिडकीची काच मागंपुढं सरकवत राहिला.

आता मनातलं लिहितो, राग मानू नका. मला त्या बाईंचं तोंड बघायचं नव्हतं. तुम्ही सोबत असता तर मी तुमच्याशी बोललो असतो, ऊस, पाऊस, रस्त्याची कामं, आणि दिवस कसाबसा ढकलला असता. आदितीच्या जागी येणाऱ्या बाईबरोबर आदितीच्या बापानं एकट्यानं पाळण्यात बसायचं, ही काय योजना झाली? तुमच्या मजकुरात अशा प्रसंगाबद्दल एक ओळ नाही. मी वरून खालपर्यंत परत बघितलं.

फाटकाजवळ त्या आमच्या आधीच येऊन उन्हात उभ्या होत्या. मी मनात एक पुणेरी बाई धरून चाललो होतो, काळा चष्मा वगैरे. ह्या सुती पंजाबी ड्रेसमध्ये, हातात भलीमोठी पिशवी, आणि घामानं कपाळावरची टिकली सरकून भुवईपाशी आलेली. अनेकांतनं त्यांना वरून खाली बघितलं आणि आमच्याकडं अनोळखी माणसाला विचारतात तसं विचारलं, "पावणं, तुम्ही कोन?" मी मधे पडलो, "ह्या पप्पांच्या हाफिसातल्या..." आणि पुढं काय म्हणावं ते सुचेना. त्यांनीच सावरलं. "मी प्रियदर्शनी. वारणेची हाय." मी म्हटलं, वारणेच्या? तर म्हणाल्या, "व्हय की मामा, वारणानगरची. वडील कारखान्यात होते, कॉलनीतच वाढले." मला एकदम हायसं वाटलं आणि हायसं वाटलं याचाच राग आला. त्यांचे आईवडील दोघंही गेले, कॉलनीतलं घर दुसऱ्या कामगाराला मिळालं, आता वारणेला उतरायला जागा नाही, हे मला तिकिटाच्या रांगेत कळलं. जावईबापू, तुम्ही तास न् तास सर्व्हरबद्दल बोलता. हे एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

पहिलं संकट पाण्याचं. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे पाहिजेत, सुती चालत नाहीत. मी पायजम्यात. मी म्हटलं, मी काठावर बसतो. पण पावनी माझा हात सोडेना, आणि प्रियदर्शनीबाईंचा हात धरेना. मग तिथल्या खिडकीवर भाड्यानं चड्डी मिळते ती घेतली. माझ्या मापाची एकच शिल्लक होती. तिच्यावर अननस होते. पिवळे, मोठे, पानांसकट. पंचक्रोशीत खताचा एकेकाळचा होलसेल व्यापारी अण्णाप्पा अननसाची चड्डी घालून, गुडघाभर पाण्यात, डोक्यावर बादली ओतणाऱ्या प्लास्टिकच्या माकडाखाली उभा राहिला. (जयसिंगपूरचे आपले एक जुने गिऱ्हाईक नातवंडांना घेऊन आले होते. त्यांनी ओळख दाखवली नाही. देव त्यांचं भलं करो.) पावनी भिजली, दातावर दात वाजायला लागले तरी बाहेर येईना, आणि आली तशी माझा पायजमा ठेवलेली पिशवीच ओढत परत पाण्यात शिरली. त्यामुळं चड्डीची अनामत सोडून पुढचा सगळा दिवस, पार घरापर्यंत, मी अननसातच काढला, हे वाचताना ध्यानात ठेवा. दंडावरचा नंबर तर कधीच धुऊन गेला होता.

घसरगुंडीपाशी एक रंगवलेला जिराफ आहे. त्याच्या गुडघ्याइतकं उंच पोर असेल तरच वर सोडतात. अनेकांत बोटभर कमी पडला. टाचा उचलल्या, केस फुगवले, काही उपयोग नाही. तिथल्या बाईंना मी म्हटलं, "ओ बाई, ह्याचा बाप चांगला उंच हाय." त्या म्हणाल्या, "बापाची उंची चालत न्हाई, पावणं. बाप हाय का संगट?" पोरगं फुगवलेले केस परत खाली दाबायला लागलं. मग प्रियदर्शनीबाई त्याला म्हणाल्या, चल, आपण दुसरीकडं जाऊ. तर हा, "तुम्ही जावा. मी आज्जाबरोबर हाय."

नंतर जेवण. झाडाखाली बसलो. आम्ही दशम्या काढल्या आणि त्यांनी त्या भल्यामोठ्या पिशवीतून डबे काढले. पहाटे उठून केलेले पराठे, केळीच्या पानात गुंडाळलेले, अजून मऊ. त्यांनी एक पराठा तोडल्याबरोबर अनेकांत सगळ्या झाडांखाली ऐकू जाईल असं ओरडला, "ह्यात बटाटा हाय! आम्ही बटाटा खात न्हाई!" आमच्या घरात बटाटा येत नाही, हे तुम्हाला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. (तुम्ही पुण्यात काय खाता, ते मी विचारत नाही.) त्यांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, मुलं काय खातात. तुम्ही म्हणाला होता, "सगळं खातात." त्यांनी डब्याला झाकण लावलं. मला वाटलं रागवतील, निदान तुमच्या नावानं काहीतरी म्हणतील. त्या "माझंच चुकलं" म्हणाल्या, आणि पावनीला दशमीचे तुकडे करून द्यायला लागल्या. स्वतः काही खाईनात. आपण पराठे खाल्ले तर पोरं बघतील, आणि आमच्या दशम्या संपतील, असा काहीतरी हिशेब असावा. पहाटेपासून उपाशी बाई, पुढ्यात भरलेला डबा, आणि बसल्या हात पुसत. माझ्या तोंडून निघून गेलं, "खा की गं." लगेच मी "खा, खा, तुम्ही खा" असं दुरुस्त केलं. पण निघायचं ते निघून गेलं होतं. लेकीला म्हणतात तसं "गं" म्हणावं असं माणूस माझ्या आयुष्यात दोन वर्षं नव्हतं. त्यांनी खाली बघत अर्धा पराठा खाल्ला. मी कावळे मोजत बसलो.

जेवल्यावर त्यांनी पावनीचं डोकं पुसलं. पावनी आज्जीशिवाय कुणाला केसांना हात लावू देत नाही, माझा तर मुळीच नाही. पण दमली होती. त्यांनी आपल्या पर्समधला कंगवा काढून, गुंता न ओढता, एकेक बट सोडवत दोन बारीक वेण्या घातल्या, डोक्याला धरून आत गुंफलेल्या. पावनीला मधेच झोप आली आणि ती त्यांच्या मांडीवर कलंडली. मी उठून पाणी आणायला गेलो. पाणी भरपूर होतं. तरी गेलो.

आता पाळणा. उठल्यापासून पोराच्या डोक्यात तेवढंच होतं. लहान मुलांबरोबर मोठं माणूस पाहिजे, असा नियम. प्रियदर्शनीबाई म्हणाल्या, मी बसू का? अनेकांत म्हणाला, "पावण्यांबरोबर नको." म्हणजे राहिलो मी. मला स्टुलावर चढून बल्ब बदलता येत नाही, चक्कर येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण बाप नाही आणि आज्जाही नाही म्हणाला असता, तर त्या पोरानं कुणाकडं बघायचं? बसलो. डोळे मिटले. पाळणा वर गेला, खाली आला, परत वर गेला, आणि आम्ही पार वरच्या टोकाला असताना लाइट गेली.

गाणी बंद, पंखे बंद, सगळं गप्प. फक्त वारा, आणि आमची पेटी मागंपुढं. खाली बघायचं नाही असं ठरवून मी खाली बघितलं. पावनी जागी झाली होती. आम्ही वर अडकलेले बघून घाबरली आणि तिनं प्रियदर्शनीबाईंच्या गळ्याला मिठी मारली. तिची हाक सगळीकडं सामसूम असल्यामुळं वरपर्यंत स्वच्छ ऐकू आली. "आई! आज्जा पडंल! आई, आज्जा!" जावईबापू, ती हाक आदितीला नव्हती. ज्यांच्या गळ्यात पडली होती त्यांनाच होती.

अनेकांतनंही ऐकलं. बराच वेळ तो पेटीचा दांडा धरून बसला. मग म्हणाला, "आज्जा, ती पावण्यांना आई म्हणाली."

"ऐकलं की."

"तिला आई आठवत न्हाई. बारकी होती ती."

"व्हय."

"मला आठवती." पुढचं त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं. "पण आवाज आठवंना झालाय. मी लई आठवून बघतो रोज. चेहरा येतो. आवाज येत न्हाई."

सात वर्षांचं पोर. रोज आठवून बघतं, आणि आम्ही एका छपराखाली राहून आम्हाला पत्ता नाही. मी म्हटलं, मला आठवतो की आवाज. माझी लेक होती ती. तर म्हणाला, "मग काढून दावा." मी म्हटलं, कसला? "ती मला जेवाय हाक मारायची तसला."

काय करणार? अननसाची चड्डी घालून, डोळे मिटून, त्या उंचीवर, मी माझ्या मेलेल्या लेकीच्या आवाजात हाक मारली. "अनूऽऽ, ये राजा, ताट वाढलंय!" तो म्हणाला, "न्हाई. बारीक होता. आनि शेवटाला वर जायचा." मी आणखी बारीक काढला. शेवटाला वर नेला. परत नेला. शेजारच्या पेटीतला कुणी गावाकडचा माणूस ओरडला, "ओ पावणं! घाबरू नगासा! जनरेटर लावाय लागल्यात!" खालून शिट्ट्या आल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला. (ते कुठं दिसलं तर आमच्या नातेवाइकांना पाठवू नका.) मी तरी हाक मारतच होतो, कारण तिसऱ्या का चौथ्या हाकेला पोरगं म्हणालं, "हां. जरा तसला." आणि माझ्या दंडात तोंड खुपसलं. तो हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं. मी कळवून घेतलं नाही. माझी स्वतःची हाक मला ऐकू येत होती, आणि आवाज तिचा नव्हता, जावईबापू. एका म्हाताऱ्याचा होता. पण दुसरा शिल्लक नाही.

जनरेटर लागला, उतरलो. प्रियदर्शनीबाईंनी मला धरून बाकावर बसवलं. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी हाक ऐकली होती. काय होतं ते विचारलं नाही. अनेकांत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"पावणं, पुण्यात असला पाळणा हाय का?"

"असंल," त्या म्हणाल्या. "मला नक्की ठाऊक न्हाई. बघाय लागंल."

"बघा मग," हा म्हणाला. "हुडका." आणि सरबताची बाटली त्यांच्या हातात देऊन पावनीकडं गेला. यापेक्षा जास्त काही झालं नाही. तुम्ही जास्त काही समजून घेऊ नका.

परतीचं आरक्षण तुम्ही कोल्हापूर स्टँडवरून केलं होतं, म्हणून त्यांना गाडीतून घेऊन आलो. पोरं पाठीमागं झोपली. स्टँडवर बसला अवकाश होता. त्या म्हणाल्या, "मामा, पावनीला झोपवताना आदितीताई काहीतरी गुणगुणायच्या, असं हे म्हणाले. काय ते ह्यांना आठवत न्हाई. तुम्हाला ठाऊक हाय?" मला ठाऊक नव्हतं. आई लेकराला झोपवते तेव्हा बाप नि आज्जा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत असतात. मी म्हटलं, आमच्या हिला, चंदनाला ठाऊक असेल. त्या म्हणाल्या, "घर जवळच हाय नव्हं? मी येऊन विचारू का त्यांना? लगेच परत येते."

घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. तिथून आमची गॅलरी दिसते. मी म्हणालो, "आज नको." त्या लगेच "बरं बरं" म्हणाल्या. (म्हणजे हे फक्त मीच म्हणतो असं नाही.) वाकून नमस्कार केला आणि ती भरलेल्या डब्यांची पिशवी उचलून बसमध्ये जाऊन बसल्या. अर्ध्या पराठ्यावर बाईमाणूस घराच्या दारातून पुण्याला परत गेलं, आणि मी खिडकीखाली अननसाच्या चड्डीत हात हलवत उभा. गाडी फलाटाबाहेर पडली तरी मी तिथंच. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "आज्जा, कुठं सोडू?" घर समोर दिसत असताना काय सांगायचं त्याला?

घरी आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. सूर्यास्तानंतर चंदना जेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोरं आल्याशिवाय ती जेवली नाही, म्हणजे त्या दिवशी जेवलीच नाही. काही विचारलं नाही. चड्डीबद्दलसुद्धा नाही. पावनीला माझ्या खांद्यावरून घेतलं, गादीवर ठेवलं, आणि तिच्या डोक्यावर हात फिरवताना तो हात थांबला. वेण्या बघितल्या. एका वेणीचं टोक उचलून, गुंफण कशी घातलीय ते बोटांनी बघितलं. मी दारात उभा होतो. म्हटलं, आता सोडणार. तिनं सोडल्या नाहीत. सोमवारी सकाळी न्हाऊ घातलं, तेव्हा डोक्यावरून पाणी घेतलं नाही. आज मंगळवार, अजून वेण्या तशाच आहेत, जरा विस्कटल्यात.

तर जावईबापू, मुलांना जूनच्या आत न्या. आमच्याकडून अडथळा नाही. शाळेचा दाखला मी काढून ठेवतो. अनेकांतला पुण्याचं पाणी बाधेल, सुरुवातीला उकळून द्या. पावनीला हत्ती कुठंतरी दाखवा.

तुमचा,
अण्णाप्पा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. पावनी त्यांना आई म्हणाली, तर "ही आई नव्हे, तुझी आई वेगळी होती" असं तिला कुणी सांगू नका, तुम्हीही नाही. तुमच्या मनात असेल की मामांना, मामींना काय वाटेल. आम्हाला काय वाटायचं ते वाटेल, आम्ही कोल्हापुरात आहोत, तुम्हाला दिसणार नाही. तिला म्हणू द्या. अनेकांतला मात्र म्हणायला लावू नका. तो पावणं म्हणेल तर पावणं. आणि त्याच्यासमोर आदितीचं नाव घ्या. वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, आम्ही तेच केलं. तुमच्या जुन्या मोबाइलमध्ये कुठं तिचा आवाज असला, लग्नातला, बारशातला, कसलाही, तर त्याला ऐकवा. माझ्याच्यानं तेवढाच निघाला.

दुसरं ता. क. न्यायला तुम्ही स्वतः या. सर्व्हर बसलं तर बसू द्या.

तिसरं ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात तुमच्या सासूबाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं. पाळण्याचं वाचून आत गेल्या, बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आल्या. म्हणाल्या, त्या पोरीला ब्लाउजचं माप पाठवायला सांगा, नसेल तर जुना ब्लाउज पाठवला तरी चालेल. साडी नवी घेणार आहेत. आदितीच्या साड्या ज्या कपाटात आहेत, ते अजून त्यांना उघडवत नाही, आणि मीही "उघड" असं म्हणणार नाही. गुणगुणायचं विचारलं, तर म्हणाल्या, "ते लिहून कळत न्हाई. यायला लागंल तिला." माप तेवढं लवकर पाठवा. लग्नसराई आहे, आमचा शिंपी कुणाचं ऐकत नाही.